एकशे त्र्याऐंशी

राहे गावात इतर मुलं पाढे म्हणायची,
मी बाबांसमोर उभी राहून द्रवणांक.
कथील दोनशे बत्तीस. शिसं तीनशे सत्तावीस.
जस्त चारशे वीस, चांदी नऊशे बासष्ट,
तांबं एक हजार पंच्याऐंशी…
इथे मी दर वेळी अडखळायचे,
कारण सोनं त्याच्या आधी येतं, एकवीस अंश आधी,
आणि मला वाटायचं
सोन्याने थोडा जास्त तग धरायला हवा.

आणि पोलाद?
मी म्हणायचे, पंधराशे.
चूक, म्हणायचे बाबा. पोलादाला एक आकडा नसतो.
आधी ते आत कुठेतरी सैल होतं,
मग बराच वेळ ना घट्ट ना पातळ, लापशीसारखं,
आणि शेवटी कधीतरी शेवटचा कण सुटतो.
कुठलं पोलाद, ते आधी विचारावं माणसाने.

आता तापमान मी घेते.
लांब नळीच्या टोकाला प्लॅटिनमची केसाएवढी तार,
सोळाशे अंशांच्या रसात बुडवायची.
चार सेकंद.
तार आकडा सांगते आणि संपते.
एका पाळीत साठ-साठ टोकं जातात.
सुरुवातीला वाईट वाटायचं.
आता नाही वाटत, खोटं कशाला बोलू.

तैस्तो गेला तो संपाचा सातवा आठवडा होता.
तो फाटकातून आत कामावर गेला,
बाबा फाटकाबाहेर फलक धरून उभे.
एवढंच झालं.
त्यानंतर एकोणीस हिवाळे समुद्र गोठला, सुटला,
आईच्या अंत्यविधीला एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले दोघं,
मधे मी आणि तिघांचे ओव्हरकोट.

यंदा एकतीस डिसेंबरला तो दारात उभा,
न कळवता, बुटांवर बर्फ घेऊन.
बाबा म्हणाले, दार लाव, ऊब जाते.
खिडकी मात्र त्यांनीच उघडली,
कारण डब्यातून त्यांनी काढले
आईने जपलेले जुने नाल,
शिसं मिसळलेले, आता दुकानात न मिळणारे.
वर्ष बदलताना आम्ही ते पळीत वितळवतो,
थंड पाण्यात ओततो,
आणि गोठलेल्या तुकड्याची सावली भिंतीवर पाहून
येणारं वर्ष वाचतो. थोडं गंमतीने, थोडं नाही.

नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं,
नाल एवढ्या लवकर कसा वितळतो?
कथील एकटं दोनशे बत्तीसला,
शिसं एकटं तीनशे सत्तावीसला,
दोघं बरोबर मापात एकत्र आले
की एकशे त्र्याऐंशीलाच पाणी पाणी.
का?
बाबा खूप वेळ पळीकडे बघत राहिले.
एकमेकांची घडी बसू देत नाहीत, म्हणाले.

तैस्तोने ओतलं. बादली चर्रकन ओरडली.
मी मेणबत्ती धरली.
जहाज, म्हणाला तैस्तो.
कसलं जहाज? पाना आहे, म्हणाले बाबा,
दांडा मोडलेला.
पान्याला शीड असतं का?
तू कधी नीट पाना धरलास का?
मेणबत्ती माझ्या बोटांवर ठिबकत होती
आणि ते दोघे भांडत होते,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मोठ्या आवाजात,
एका ओल्या, वाकड्या तुकड्यावरून.

मग बाबांनी तो तुकडा उचलला,
पुसला, परत पळीत टाकला.
असं करत नाहीत. एकदा पडलेलं वर्ष
पुन्हा ओतत नाहीत, आई असती तर म्हणाली असती.
हात हलतो तुझा, म्हणाले,
आणि तैस्तोचं मनगट खालून धरलं,
स्वतःचाच हात हलत असताना.

शेगडीवर पळी.
कडेला एक चकाकी सरकली, थांबली, सरकली.
माझ्यापाशी नळी नव्हती, तार नव्हती,
मोजायला काही म्हणता काही नव्हतं.