सातवी खुर्ची

अधिसूचना आली शुक्रवारी, संध्याकाळी सहा दहाला,
म्हणजे कुणी काही विचारायच्या आत
शनिवार-रविवार पार पडावेत.
आमच्याच बातमीपत्रात ती पाचवी बातमी होती,
चौदा सेकंदांची. मी मोजले.
नवं संचालक मंडळ. सहा नावं.
सातव्याचा उल्लेख नव्हता. तसा तो नसतोच.

सोमवारी बेलापूरच्या कार्यालयात
मी पाट्या करायला बसले.
पाट्या म्हणजे काय, ॲक्रिलिकचे त्रिकोण,
आत नावाची चिठ्ठी सरकवायची.
सव्वीस वर्षं मी जुनी चिठ्ठी काढत नाही,
तिच्यावरच नवी घालते.
आळस म्हणा. पण कागद जाड झाला की पाटी ताठ राहते.
या खेपेला मात्र अध्यक्षांचं नाव आत जाईना.
वि. ना. टिपणीस, निवृत्त सचिव,
अर्ध्यावर अडले, कोपरा मुडपला.
मग फुटपट्टीनं उचकटलं
तेव्हा मांडीत पडले नऊ अध्यक्ष, एकमेकांना चिकटलेले,
एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उलटी उमटलेली.
त्यातल्या एकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं,
‘मध्यम लहरी म्हणजे नक्की किती मध्यम?’
आणि एक रेगे मॅडम. त्या घरी रेडिओ ऐकायच्या.
चौदा महिने टिकल्या.

सातव्या पाटीत एकच चिठ्ठी, टाइपरायटरवरची.
‘श्रोता प्रतिनिधी’. मात्रा उडालेली,
त्यामुळे वाचताना ‘श्राता’. पुढे नाव नाही.

श्रोता मला एकच माहीत आहे.
पोशा धर्मा कोळी, मुक्काम दिवाळे.
दर उधाणाला त्यांचं पोस्टकार्ड येतं, निळ्या शाईत :
‘तुम्ही भरतीची वेल सांगता ती अपोलो बंदरची.
आमचे खारीन पानी मागशी येतं.
आज पण चुकलात. कळावे.’
मी कार्ड आवक नोंदवहीत चढवते.
शेरा : कार्यवाहीची आवश्यकता नाही.
शेरा माझा नाही, रबरी शिक्का आहे.
उठवते मात्र मीच.

बैठक अकराची, भरली सव्वाअकराला.
पुष्पगुच्छ. मग बोधचिन्हाचा रंग.
देशमाने म्हणाले, लोक आता ऐकत नाहीत, बघतात.
सिमेंटवाले बोथरा म्हणाले, माझी आई ऐकायची.
त्यावर सगळे जरा गप्प,
जणू ती आत्ताच दार लोटून गेली.
मग अध्यक्षांनी विचारलं, ‘ही खुर्ची कुणाची?’
मी सांगितलं.
‘आले नाहीत?’
‘नेमलेलेच नाहीत, सर.’
‘कधीपासून?’
‘अकरा वर्षं.’
‘बरं,’ ते म्हणाले. ‘चहा सांगा.’

माझ्या खुर्चीचं एक चाक तुटलंय,
तेव्हा इतिवृत्त लिहायला मी तिथेच टेकले.
कुणी हरकत घेतली नाही. कुणाला दिसलंच नसावं.
तिथून खिडकी नेमकी समोर येते.
महामार्ग, खारफुटी, आणि पलीकडे खाडीत
नांगरलेल्या चार होड्या.
सकाळी आम्ही सांगितलं होतं : पूर्ण भरती अकरा चोवीस.
अकरा चोवीस झाले.
होड्यांची तोंडं अजून समुद्राकडेच,
म्हणजे पाणी अजून आत येतच होतं.
विषय क्रमांक तीन, जाहिरातींचे दर.
विषय क्रमांक चार, जाहिरातींचे दर, पुढे चालू.
मग धाकटी होडी आधी रेंगाळली,
जरा आडवी झाली, आणि वळली.
तिच्यामागून बाकीच्या, घाई न करता.
घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं.

इतिवृत्ताच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं : १२.०२.
पक्क्या प्रतीत ते राहील की नाही, सांगता येत नाही.
इतिवृत्त कायम होतं पुढच्या बैठकीत.
तेव्हा विचारलंच कुणी, हा आकडा कसला,
तर सांगेन,
उपस्थितांपैकी एकाचं म्हणणं आहे.