अठराशे तास

उद्यमबागेत, फौंड्रीच्या शेडमागं उभा होता लोडर.
मीटर म्हणाला, अठराशे तास.
भरमू म्हणाला, मीटर सोड, पेडल बघ.
पायाखालचं रबर
मीटरएवढं शिकलेलं नसतं.

रबर गुळगुळीत होतं.

तरी घेतला. दोन्ही पट्ट्यांचे पैसे
किमतीतून पाडले.
मालक कानडीत मोजत होता, मी मराठीत,
आकडा एकाच जागी येऊन थांबला.

आता जांबोटीच्या वाटेवर कुणाच्या तरी बंगल्यापुढं
तांबडी माती सपाट करतोय.
इथं लॉन येणार म्हणे. जांभ्यावर!
मी काही बोलत नाही, तासावर पैसे आहेत.

संध्याकाळी पहारीनं पट्ट्यातली माती काढायची,
रात्रीत तिची वीट होते.
हे भरमूनं एकदाच सांगितलं होतं,
पट्टा दोनदा उतरल्यावर मला ऐकू आलं.

ग्रीसगन शेवंता धरते.
"डावीकडं जाईना की हो," म्हणाली काल.
तारेनं टोचलं, तर वाळलेला काळा खडा निघाला.
आधीच्या कुणाची तरी घाई,
कितीक वर्षांची.

गन परत लावली.
तिनं दाबली, दोन्ही हातांनी.
जरा वेळानं कडेनं
पिवळं ग्रीस बाहेर आलं.