आवक-जावक

अजमानच्या होड्यांच्या कारखान्यात
मी खिळ्यांचा हिशेब ठेवतो.
सहा इंची, नऊ इंची, गॅल्व्हनाइज्ड.
डाव्या पानावर आवक, उजव्यावर जावक.
दुपारी छपराचा पत्रा असा तापतो
की पेन्सिलीचं शिससुद्धा मऊ पडल्यासारखं वाटतं,
आणि मोरी माशाच्या तेलाचा वास
हर्णैहून माझ्या आधी येऊन इथे बसलेला.

खलफान उस्ताद कागदावर आखत नाही.
एक डोळा मिटून फळीकडे बघतो,
फळी ओशाळून वाकते.
पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, याला काय म्हणता?
मी म्हटलं, सुकाणू.
सुक्कान, तो म्हणाला.
मग पुन्हा, चाखून बघितल्यासारखं: सुकानू.
णू काही जमला नाही.
नाखुदा? नाखवा.
मौसिम? मोसम.
साज? साग.
हा तर तुमच्याकडूनच आला, म्हणाला,
लाकूड आल्यावर नाव काय मागे राहतंय?

चहाच्या वेळी हे असं चालायचं,
दोन पोरं गोट्या वाटून घेतात तसं.
ही तुझी, ही माझी,
ही कुणाची कोण जाणे, राहू दे मधे.

सगळं जुळलं असं नाही.
डोलकाठीला तो म्हणतो दगल.
मी सांगितलं, आमच्यात दगलबाज म्हणजे फसवणारा.
तो हसला नाही.
सोकोत्राच्या अलीकडे एका रात्री
त्याच्या बापाच्या तारवाची काठी मधोमध तडकली होती.
"बरोबर नाव ठेवलंत,"
एवढं म्हणून त्याने पेला उपडा घातला.

नांगर तर त्याला कळेचना.
एकच शब्द शेतात जमीन फाडतो
आणि दर्यात जहाज धरून ठेवतो, हे कसं?
दोन्हीकडे तो रुततो, उस्ताद, मी म्हटलं.
उत्तर तिथल्या तिथे सुचलेलं.
रात्री खोलीत, सहा खाटांच्या मधल्या खाटेवर,
ते जरा जास्तच खरं वाटलं.

संध्याकाळी कुणीतरी ओरडतं, खलास!
आणि आम्ही खलाशांची पोरं
हातातलं टाकून बसमध्ये चढतो.

परवा नवी होडी पाण्यात सोडली.
जपानी इंजिन, काठी नुसती शोभेची.
मांडवीच्या जखूभाईने हळूच नारळ वाढवला,
उस्तादने तेवढ्यापुरतं आभाळ पाहिलं.
होडी खाडीच्या तोंडाशी लहान होत गेली
तेव्हा मी विचारलं,
परत येण्याला तुमच्यात काय म्हणतात?

गफ्फाल, तो म्हणाला.
मोत्यांचा मोसम सरला की एका दिवशी
सगळ्या होड्या घराकडे तोंड करायच्या, तो दिवस.
मग वाळूत बोटाने तीन अक्षरं काढली.
काफिला यातलाच.
निघालेल्यांना आम्ही निघालेले म्हणत नाही,
परतणारे म्हणतो.
म्हणजे परततील.

मी काही बोललो नाही.
माझ्या बापाला, धाकू तांडेलाला,
'जातो' म्हणताना वेळेवर कुणी ऐकलेलं नाही.
येतो, म्हणायचा. पाठमोरा, पाणी मांड्यांपर्यंत.
आणि यायचा. दरवेळी.
टोपलीत असतील नसतील तेवढे बांगडे घेऊन.

मीही तेच म्हटलं होतं, विमानतळाच्या काचेआडून.
ऐकू गेलं नसणार.
ओठ वाचले असतील तर असतील.
सातवं वर्ष चालू आहे.

आज नऊ इंची खिळे संपले.
उजवं पान खालपर्यंत भरलं,
डाव्यावर दोनच ओळी.
उस्तादने वही मागून घेतली.
त्याला देवनागरी येत नाही,
तरी बोट ठेवून, आपल्या सवयीने,
उजवीकडून वाचत निघाला.
आधी जावक,
मग आवक.