न छापलेल्या नऊ ओळी

फोटोकॉपी होती तोवर कुणी काही विचारलं नाही.
बावीस वर्षं, दर फेब्रुवारीत,
मी तेच कात्रण यंत्राखाली उताणं ठेवत आले,
आठवीच्या वर्गासाठी:
समुद्र गोठून झालेला रस्ता,
मध्यरात्रीची दुधाची गाडी,
आणि एकोणिसाव्या किलोमीटरच्या खुणेपाशी
काळं, गोल, गप्प पाणी.
दर प्रतीत अक्षरं थोडी फिकी होत गेली.
ड्रायव्हरचं नाव तर मी पेनानं गिरवून ठेवलेलं.

यंदा आठवीत नऊच मुलं,
चार आमच्या बेटावर, पाच पलीकडच्या बेटांवर,
म्हणून धडा पडद्यावर गेला.
कात्रण स्कॅन करून चढवलं,
आणि तिसऱ्या दिवशी शिक्षण कार्यालयाचं पत्र,
सभ्य, दोन ओळींचं:
वर्गात वाटणं वेगळं, चव्हाट्यावर टांगणं वेगळं.
हक्क कुणाचे, ते आधी विचारा.

विचारलं.
ते वर्तमानपत्र केव्हाच बंद पडलं होतं,
त्याला एका मोठ्या वर्तमानपत्रानं गिळलं होतं,
त्या मोठ्याला तालिनमधल्या एका कंपनीनं,
आणि कंपनीतल्या क्रिस्टो नावाच्या मुलानं
मला अर्ज पाठवला.
विद्यार्थी किती? मुदत किती? पासवर्ड आहे का?
तळाशी आकडा: वर्षाला एकशे ऐंशी युरो.
शाळेची महिन्याची लाकडं येतात एवढ्यात.
मी जरा तिखट लिहिलं.
त्यानं उत्तर दिलं: बाई, बातम्या लिहिणाऱ्यांनाही
घरभाडं भरावं लागतं.
यावर मला काही सुचलं नाही.

मग एंडेल वाहेरना फोन केला.
बातमीखाली त्यांचं नाव आहे, ‘वाएर’ असं छापलेलं.
ते अजून आहेत, हे पोस्टातल्या बाईनं सांगितलं:
एक्क्याण्णव पूर्ण, कानात यंत्र,
अजून स्वतःचे मासे स्वतः धुरावतात.

“ओळीमागे पैसे मिळायचे,” ते म्हणाले.
“छापलेल्या ओळीमागे. पट्टी लावून मोजायचे.
चव्वेचाळीस ओळी विकल्या, त्या गेल्या.
विकलेल्या गाईचं दूध मागायला
परत जाऊ नये माणसानं.”
मागे कुठेतरी किटली शिटी मारत होती, ती त्यांनी
सावकाश उठून बंद केली.
“पण लिहिल्या होत्या त्रेपन्न.
नऊ कापल्या. बर्फातल्या टायरांची
जाहिरात आली होती ऐनवेळी.”

नऊ ओळी बिस्किटांच्या डब्यात होत्या,
टंकलेल्या, त्यांच्यावर तांबड्या पेन्सिलीची एक तिरपी रेघ.

गाडी बुडाली तरी दिवे चालू होते.
बर्फाखालून पिवळा उजेड
किनाऱ्यावरनं दिसत होता.
हिल्ये, ड्रायव्हरची बायको, तिथे उभी राहिली.
कुणी घोंगडी दिली, ती तिनं हातात धरली.
पहाटे पाचला उजेड विझला.
तेव्हा ती वळली,
घरी गेली,
आणि गाई पिळल्या.

एवढंच. मी तेवढंच पडद्यावर ठेवलं.
बाकीच्या चव्वेचाळीस ओळींना फक्त दुवा:
तिकडे जा, दार त्यांचं आहे.
मुलांना म्हटलं, झालेल्या गोष्टीला मालक नसतो,
सांगण्याला असतो.
पाणी, रात्र, तारीख, दूध, सगळं तुमचं,
वाक्यं मात्र स्वतःची आणा.
कौरनं चार ओळी आणल्या, सगळ्या इंजिनाबद्दल.
लिस्बेतनं विचारलं, गाई कोणी शिवल्या नव्हत्या का रात्रभर?
मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत
गाईंपर्यंत मी पोचलेच नव्हते.

महिन्याभरानं एंडेलचं बिल आलं, पाकिटातून:
नऊ ओळी, जुन्या दरानं, दोन क्रोन ओळीला,
एकूण अठरा.
आता कुठल्याच दुकानात न चालणारे पैसे.
शिवणाच्या पेटीत दहाची एक नोट सापडली,
पाचची एक, दोनची एक, आणि एक नाणं.
पोस्टानं पाठवले.

पोच आली, थरथरत्या अक्षरात:
मिळाले. वापरा.
नावातला ‘ह’ तेवढा खाऊ नका या वेळी.