आवक क्रमांक

पूनम गेटवर मंडप होता, निळा.
खुर्च्या साठ, बाया शंभराच्या वर.
आम्ही मागच्या जमिनीवरच टेकलो, मांडीवर सूप घेऊन,
कारण मोर्चा असो की मयत, हजार विड्या कुणाला चुकत नाहीत.
भाषण कानानं ऐकायचं, पान बोटांनी वळायचं.

कायदा येतोय म्हणे दिल्लीहून.
जुगाराला परवाना,
परवान्यावर कर,
करातून शाळा,
आणि खेळणाऱ्यानं आपली मर्यादा
आपणच ठरवून फोनमध्ये भरायची.
हे वाचून दाखवलं तेव्हा अंबुबाई चिलवेरी अशी हसली
की दातातला दोरा सुटला तिच्या.
"आमच्याकडं ठरलेलीच आहे की मर्यादा.
चौथा माग विकला की थांबतंय माणूस."

मग माइक माझ्याकडं आला.
मी नरसय्याचं सांगणार होते.
मागाच्या खांबावर खडूनं लिहिलेले त्याचे आकडे,
स्वप्नात मेलेला सासरा आला तर चौका,
सासरा पाणी मागत असला तर दुरी,
आणि पोरीच्या पुस्तकांचे पैसे
ओपनला गेले ते क्लोजला परत येणार होते, ते.
नाही सांगितलं.
घरची अब्रू भोंग्यावर लावता येत नाही.
"कायदा मागे घ्या," म्हटलं. तीनदा.
टाळ्या पडल्या.

मग पाणी आलं. थंडगार, सीलबंद, खोक्यांनी.
राजमोगली अण्णानं पाठवलेलं.
मंडपही त्याचाच निघाला.
पानटपरीमागं वीस वर्षं चिठ्ठ्या फाडणारा अण्णा
दुसऱ्या रांगेत, दंडाला काळी फीत बांधून.
"अक्का, बरोबर बोललात.
कंपन्या आल्या तर गरिबानं कुठं जायचं?"
गरीब म्हणजे तो.
माझा घसा कोरडा पडला होता.
मी पाणी प्याले.

साहेब जेवायला गेलेले.
क्लार्कनं निवेदन घेतलं, शिक्का हाणला,
पोचेवर लिहून दिलं: आवक क्रमांक ३५८.

कुंभारीच्या बसमध्ये अंबुबाई एकदाच बोलली:
"परवान्यानं बुडायचं का बिनपरवान्यानं,
एवढंच विचारायलेत की गं आपल्याला."
त्या दिवशीच्या विड्या वाकड्या वळल्या गेल्या होत्या.
दुसऱ्या दिवशी दीडशे छाटीत निघाल्या.

नरसय्या दारातच उभा.
कायद्याचं काय झालं, विचारलं नाही त्यानं.
"नंबर काय दिला म्हणे?"
"दिलाच नाही," मी म्हटलं.
पोच तंबाखूच्या डब्यात, तळाला घातली,
वरून तंबाखू पसरली.

मोरीवर हात धुवत होते.
कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं,
आणि डोक्यात बेरीज होऊन गेली माझ्या.
तीन, पाच, आठ. सोळा.

सहा.