अकराची खूण

घरं सत्तेचाळीस. एक शाळा, एक लाकडी चर्च,
दवाखान्याच्या खोलीत लसींचा फ्रिज.
चिलोएच्या पाठीमागचं पुल्केमो बेट एवढंच,
बाकी चिखल आणि समुद्र.

वही घेऊन मी दारोदार हिंडले :
किती दिवे, किती तास, रात्रीचं काय काय लागतं?
एदुविनाबाईंनी चुलीवरची किटली बाजूला सरकवली.
‘लागतं म्हणजे आत्ता, की मिळालं तर?’
मी दोन रकाने आखले.
दुसऱ्याला पानं पुरेनात.

शिंपल्यांसाठी फ्रीझर,
म्हणजे खरेदीदाराची बोट लागली की
तो म्हणेल त्या भावाला मान डोलवायला नको.
ऊबिल्दाच्या मुलाला करवत.
कुणी म्हणालं, रात्री दीडला उठलो तर
पायाखालची मांजर दिसेल एवढा उजेड.
तो वॉटमध्ये कसा मांडायचा हे मला शिकवलेलं नव्हतं.
पाच लिहिलं.

मग हिशेब. उन्हाळ्यात ऊन पुरतं.
जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात,
उत्तरेचा वारा छपराच्या फळ्या उचकटतो;
तोच आपल्या कामाचा.
अडचण मे महिन्याची.
धुकं खाडीवर बसतं ते उठायचं नाव घेत नाही,
सूर्य नाही, वाऱ्याची झुळूक नाही,
पात्यांवर समुद्रपक्षी निवांत.
बॅटऱ्या तग धरतील तीन दिवस,
ताणले तर साडेतीन.
चौथ्यासाठी जुनं डिझेल इंजिन ठेवू.

ते इंजिन म्हणजे रोसामेल मियालोंको.
बावीस वर्षं पिंपं ओहोटीच्या चिखलातून ढकलत आणणारा,
दिवेलागणीला सुरू करून रात्री अकराला बंद करणारा.
बंद करण्याआधी तीनदा दिवे मंद करायचा :
हातातलं आवरा.
विणकाम गुंडाळा, पत्ते मिटा,
भांडण असेल तर उरलेलं उद्या.
आणि मग अंधार, सगळ्यांना सारखा.

सभा चर्चमध्ये भरली.
प्रश्न माझाच, आणि मीच बिचकत होते :
पाचव्या दिवशीही धुकं राहिलं, डिझेलची बोट आलीच नाही,
तर कोणाचा दिवा आधी?
यंत्राला क्रम द्यावा लागतो.
यंत्राला भीड नसते.
लसींचा फ्रिज सगळ्यात शेवटी, यावर एकमत.
त्याच्या आधी माझं श्वासाचं यंत्र, ओनोफ्रे म्हणाला.
‘आधी म्हणजे बंद व्हायला की चालू राहायला?’
त्याची बायको उसळली,
आणि अर्धा तास त्यातच गेला.
ओल्या लाकडासारखी सभा धुमसत राहिली.
शेवटी मागच्या बाकावरून रोसामेल :
‘पहिलं माझं घर लिहा.
बावीस वर्षं तुमचे दिवे मी विझवलेत.’
ही माफी होती की फुशारकी, मला कळलं नाही.
लिहिलं. क्रमांक एक.

डिसेंबरात वीज आली, दिवसरात्रीची.
पहिला आठवडा कोणी धड झोपेना.
उजेड संपेना म्हणून बोलणं संपेना.
एदुविनाबाईंनी एका रात्रीत अख्खा मोजा विणला,
आवडला नाही म्हणून उसवला,
पुन्हा विणला.
पोरं शाळेत बाकावर डोकं टेकून.
अकराच्या सुमारास घराघरात
सवयीनं माना वर व्हायच्या.
बल्ब तसाच.

निघायच्या आदल्या रात्री नियंत्रकात एक ओळ घातली :
अकरा वाजता धक्क्यावरचा दिवा तीनदा मंद व्हावा.
अहवालात ती नाही.
खर्च शून्य, गरज सिद्ध करता येत नाही.
रोसामेलला मी बोलले नव्हते.

सकाळी माझी पेटी बोटीत चढवताना तो म्हणाला,
‘दुसऱ्यांदा मंद होतो ना, तो जरा लांबवा.
मी नेहमी लांबवायचो.
तेवढ्यात माणसाला
काडेपेटी सापडते.’