हिसका

क्रिम्परचे साडेतीन हजार सांगितले
विट्याच्या दुकानदारानं,
म्हणून पहिलं वर्षभर
पकडीनंच दाबल्या पिना.

भाळवणीच्या एका गच्चीवर चैतात
कनेक्टर वितळला,
काकवीसारखा ओघळून पॅनेलच्या पायाला चिकटला.
पैसे परत दिले. चहा घेतला नाही.

संपामामा तीस वर्षं सेलमला गलाई करून आलेले.
जळकी पिन डोळ्याजवळ धरून म्हणाले,
"तार नुसती टेकलीय गं.
धरलेली नाही."

मग क्रिम्पर तिघांत घेतला:
मी, लेंगऱ्याचा सुभान, मोटारी भरणारा विलास.
सोमवार-मंगळवार माझे.
बुधवारी सकाळच्या एसटीनं तो लेंगऱ्याला जातो,
खताच्या पिशवीत,
कंडक्टरच्या पायाशी.

आठ मिलिमीटर सोलायचं,
तांब्याचा एक केसही तुटू न देता.
पिन दाबायची. घरात सारायची. टक्.
टक् झालं तरी
मी प्रत्येक जोड हिसकून बघते.

"अगं, तुटंल की!" मालक खालून ओरडतो.

तुटायचं तर आत्ता तुटू दे,
माझ्या हातात,
शिडी भिंतीला आहे तोवर.